पंडिता रमाबाई : संकटातही न ढळलेली श्रद्धा

फुलबागेजवळच्या झाशीच्या राणीच्या समाधीवरून आपण ग्वाल्हेरकर नेहमी जातो-येतो. राणीला येथे वीरमरण आले ते जून 1858 मध्ये. त्याच वर्षी 23 एप्रिल रोजी आणखी एका पराक्रमी मराठी स्त्रीचा जन्म झाला होता. तिचे नाव पंडिता रमाबाई.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरे. 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि बहीण पाठोपाठ गेली. आईला न्यायला खांदेकरी पुरेनात, तेव्हा तिरडीला रमाबाईंनीच हात दिला. पुढे भावासोबत पायी फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पण 1880 मध्ये भाऊ वारला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. तिकडे चर्चमधील वडीलधाऱ्यांनाही त्या निर्भयपणे प्रश्न विचारीत. समजून घेतल्याशिवाय मान डोलावणे त्यांना जमत नसे.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढे ते पुण्यास नेले. 1893 मध्ये तेथे धर्मप्रसार होतो असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी ना श्रद्धा सोडली, ना सदन बंद केले.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या आपल्या राज्याच्याही काही भागात, भीषण दुष्काळ पडला. उपासमारीचे दिवस रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे स्त्रिया शिकल्या.

तरुणपणीच सुरू झालेला त्यांचा बहिरेपणा पुढे वाढत गेला. जिच्यावर सारे सोपवायचे ती मनोरमाही जुलै 1921 मध्ये गेली. अशा वेळी देवानेही आपल्याला टाकले असे कोणालाही वाटेल. रमाबाई मात्र हाती घेतलेल्या कामाकडे वळल्या. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करीत होत्या. ते पूर्ण करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपला धर्म कोणताही असो, संकटात एकटे पडण्याची वेळ प्रत्येकावर येते. अशा वेळी रमाबाईंना आठवावे. त्यांची दुःखे श्रद्धेमुळे टळली नाहीत, पण प्रत्येक दुःखानंतर त्या पुन्हा कामाला लागल्या आणि इतरांचा आधार झाल्या.