देवांच्या डोक्यावरचं कर्ज

बँकेच्या नोकरीत कर्ज काढून घर बांधणारी माणसं मी रोज पाहिली. घरापायी कर्जात बुडालेला देव मात्र मला भेटला तो रिचर्ड वाग्नरच्या संगीतनाट्यात. हा देव रंगवणारा वाग्नर स्वतः तर पट्टीचा ऋणको होता!

१८१३ साली तो जर्मनीत लाइपझिगला जन्मला. १८३९ मध्ये सावकारांना चुकवून बायको आणि कुत्र्यासह रिगाहून पळाला. १८४९ मध्ये ड्रेस्डेनच्या उठावात सामील झाल्यानं त्याला स्वित्झर्लंड गाठावं लागलं. पण तोवर आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या 'एड्डां'मधल्या देवकथांनी त्याला झपाटलं होतं. त्यांतला ओडिन आपल्याकडच्या देवऋषीच्या जातकुळीतला. ज्ञानासाठी तो नऊ रात्री झाडाला टांगून घेतो, मेलेल्या भविष्यवादिनीला मंत्रानं उठवून प्रश्न विचारतो.

वाग्नरनं त्याला व्होटान केलं. व्होटान राक्षसांकडून महाल बांधून घेतो आणि मजुरी चुकवतो ती दुसऱ्याकडून लुबाडलेल्या सोन्यानं. त्या सोन्यातल्या अंगठीला शाप असतो. करार व्होटानच्याच भाल्यावर कोरलेले, म्हणून देव असूनही त्याची सुटका नाही.

'निबेलुंगची अंगठी' पुरी व्हायला २६ वर्षं लागली. नाटक म्हणजे करमणूक नव्हे, सगळ्या समाजानं एकत्र येऊन करायचा विधी, असं वाग्नर मानी. म्हणून बायरॉइटला त्यानं खास नाट्यगृह उभारलं. तिथं वादक दिसत नाहीत, प्रेक्षागृहात अंधार असतो. बांधकाम अडलं तेव्हा, १८७४ मध्ये, बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्याकडून एक लाख थालरचं कर्ज मिळालं. ऑगस्ट १८७६ मध्ये चार नाटकं झाली. टाळ्या पडल्या आणि सुमारे १ लाख ४८ हजार मार्कांची तूटही. बायरॉइटला 'अंगठी' पुन्हा झाली ती १८९६ मध्ये.

पैशाची बाकी एकवेळ फिटते. पण ज्यू संगीतकार मायरबेअर यानं वाग्नरला पडत्या काळात हात दिला होता. त्याची परतफेड वाग्नरनं १८५० मध्ये ज्यूंवर विखारी लेख लिहून केली, तीही टोपणनावानं. १८६९ मध्ये तो लेख स्वतःच्या नावानं पुन्हा छापला. आणि १८८२ मध्ये त्याच्या 'पार्सिफाल'चं संगीतसंचालन केलं ते हेर्मान लेव्ही या ज्यू कलावंतानंच.

१८८३ मध्ये व्हेनिसला वाग्नर वारला. त्याच्या नाटकाच्या शेवटी अंगठी ऱ्हाइन नदीला परत मिळते, देवांचा महाल जळतो. घेतलेलं परत करावं लागतं, हे त्यानं रंगमंचावर इतकं सुरेल सांगितलं. ते संगीत ऐकताना मी हरखतो. पण माझ्यातला बँकवाला त्याचं ते खातं अजून बंद करायला तयार नाही.