अणुभट्टीसाठी प्रसिद्ध असलेले होमी भाभा सर्किटच्या मागे का लागले होते?

होमी भाभा म्हटलं की डोळ्यांसमोर अणुभट्टी येते. सर्किटचं नाव कुणी काढत नाही.

तर झालं असं, 1939 मध्ये केंब्रिजहून सुट्टीवर आलेले भाभा महायुद्धामुळे इथंच अडकले. बंगळुरूत त्यांनी वैश्विक किरणांचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी गायगर काउंटर एकावर एक मांडायचे. कण आरपार गेला की प्रत्येकातून क्षणभराचा विजेचा झटका येतो. सगळे झटके एकदम आले तरच तो एक कण धरायचा. सर्किट जरा सुस्त असलं, की दोन वेगळ्या कणांचे झटके एकत्र आल्यासारखे वाटणार आणि मोजणी चुकणार.

1945 मध्ये त्यांनी टीआयएफआर सुरू केली, ती लवकरच मुंबईत आली. अशी उपकरणं परदेशातून मागवता आली असती. भाभांनी ती ए. एस. राव यांच्याकडून इथंच बनवून घेतली.

1956 मध्ये तुर्भ्याला अप्सरा सुरू झाली. इंधन ब्रिटनचं, नियंत्रण यंत्रणा मात्र आपली. भट्टीत न्यूट्रॉन किती, हे सांगणारा विद्युतप्रवाह अतिशय क्षीण असतो. तो विजेच्या खरखरीत हरवू न देता वाढवायचा आणि मर्यादा ओलांडली की भट्टी तत्काळ बंद करायची. इथं चुकून चालणारच नव्हतं.

चीन युद्धानंतर, 1963 मध्ये, सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष भाभाच. 24 जानेवारी 1966 ला माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून ते गेले. पुढच्याच वर्षी हैदराबादला ईसीआयएल उभी राहिली. तिचे प्रमुख होते तेच ए. एस. राव.