डोंगराला रूळ देणारा व्यापारी

भूतिवलीहून माथेरानला रोपवे नेण्याची योजना कर्जत तालुक्यात वर्षानुवर्षे चर्चेत आहे. दहिवलीपासून नेरळपर्यंत कुठेही हा विषय निघाला, की या डोंगरावर पहिली यांत्रिक वाट नेणाऱ्या घराण्याची आठवण व्हायला हवी. त्या घराण्याचे कर्ते पुरुष म्हणजे सर आदमजी पीरभॉय.

काठेवाडातील धोराजीच्या एका दाऊदी बोहरा कुटुंबात १८४६ साली त्यांचा जन्म झाला. परिस्थिती बेताची. लहानपणी त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर काडेपेट्या विकल्या. पुढे लष्कराला तंबू पुरवण्याच्या व्यवसायात जम बसला, धारावीत कातडी कमावण्याचा कारखाना उभा राहिला. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांना माथेरानची फार ओढ. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण उजेडात आणले होते. पण वर जायचे ते पायी, घोड्यावर, नाहीतर पालखीत बसून. म्हणजे एकाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्यांनी घाम गाळायचा. अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचा ध्यास घेतला आणि सोळा लाख रुपयांचा भार वडिलांनी उचलला.

१९०४ मध्ये काम सुरू झाले. सरळ चढ गाडीला झेपणार नव्हता. म्हणून दोन फुटी रूळ डोंगराच्या अंगाखांद्यावरून सुमारे एकवीस किलोमीटर फिरवले. अवघड वळणांसाठी इंजिनांचे टोकाचे आस किंचित फिरतील असे ठेवले. १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोहोचली.

योगायोग असा, की त्याच वर्षी स्पेनमध्ये सान सेबास्तियानला लिओनार्दो तोरेस केवेदो या अभियंत्याचा प्रवासी रोपवे सुरू झाला. १९१६ मध्ये त्यांचाच पाळणा नायगारा नदीवरून माणसे नेऊ लागला. रूळ डोंगराला वळसे घालतात, दोर दरी आणि नदी सरळ ओलांडतो. दोहोंचा हेतू मात्र एकच.

आदमजी १९१३ मध्ये वारले. २००५ च्या महापुरात त्यांच्या घराण्याच्या या मार्गाची वाताहत झाली, तरी तो पुन्हा उभा राहिला. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो मात्र थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. उद्या रोपवे झालाच, तर तो किती मिनिटांत वर नेतो एवढेच पाहून भागणार नाही. त्याचे तिकीट कोणाला परवडते आणि कोणाच्या खांद्यावरचे ओझे उतरते, हेही विचारावे लागेल.