शस्त्रवैद्य आंब्रुवाझ पारे

आपल्या पाठीवर मधोमध हात फिरवून पाहा. हाताला लहान लहान उंचवटे लागतात ना? ते आहेत मणके. एकावर एक रचलेल्या या मणक्यांचा मिळून आपला पाठीचा कणा तयार होतो. कणा आहे म्हणून आपण ताठ उभे राहतो, वाकतो आणि वळतो. पण काही मुलामुलींचा कणा वाढत्या वयात एका बाजूला झुकू लागतो. एक खांदा वर, तर दुसरा खाली दिसतो. अशा मुलांना आधार देण्यासाठी सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच शस्त्रवैद्यांनी लोखंडाचा उपयोग केला. त्यांचे नाव आंब्रुवाझ पारे.

पारे यांचा जन्म 1510 च्या सुमारास फ्रान्समधील लाव्हाल या गावाजवळ झाला. घरची स्थिती साधारण होती. त्यांना लॅटिन भाषा शिकता आली नाही. त्या काळी वैद्यकाचे बहुतेक ग्रंथ लॅटिनमध्ये असत. मोठे वैद्य जखमेला हात लावणे कमीपणाचे मानत. जखमा बांधणे, गळू कापणे ही कामे न्हावी करीत. पारे हेही हेच काम शिकले. पुढे ते पॅरिसला गेले. तेथील ओतेल द्यू या मोठ्या रुग्णालयात त्यांनी रात्रंदिवस रोग्यांची सेवा केली. पुस्तकांत जे मिळाले नाही, ते त्यांना रोग्यांच्या खाटेजवळ मिळाले.

1537 च्या सुमारास पारे सैन्याबरोबर इटलीत गेले. बंदुकीच्या गोळीने झालेली जखम विषारी असते, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून जखमेत उकळते तेल ओतीत. जखमी शिपाई वेदनेने तळमळत. एके दिवशी पारे यांच्याजवळचे तेल संपले. आता काय करावे? त्यांनी अंड्याचा पिवळा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मलम करून उरलेल्या शिपायांच्या जखमांना लावले. त्या रात्री काळजीने त्यांना झोप लागली नाही. पहाटे लवकर उठून ते शिपायांना पाहायला गेले. मलम लावलेल्यांना वेदना कमी होत्या आणि रात्री थोडी झोपही लागली होती. तेल ओतलेले मात्र तापाने फणफणले होते. त्यांच्या जखमा सुजल्या होत्या. पुन्हा कधीही जखम जाळायची नाही, असा निश्चय पारे यांनी केला.

हात किंवा पाय कापावा लागला, तर रक्त थांबवण्यासाठी तापलेल्या लोखंडाने डागत. त्याऐवजी पारे यांनी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याची रीत वापरली. ही रीत अगदी नवी नव्हती. स्पेनमधील कुर्तुबा येथील अबुल कासिम जहरावी यांनी सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीच तिच्याविषयी लिहिले होते. पारे यांनी तिला पुन्हा मान मिळवून दिला. हात गमावलेल्यांसाठी त्यांनी कुशल कारागिरांकडून लोखंडी हातही बनवून घेतले.

आता वाकलेल्या कण्याकडे वळू. फार प्राचीन काळी हिपॉक्रॅटिस, ज्यांना तुम्ही उर्दूत बुकरात म्हणता, यांच्या ग्रंथांत यावर उपाय दिले होते. रोग्याला फळीवर बांधून ताणत. काही जण तर त्याला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून खाली सोडीत. विचार करा, रोग्याला किती भीती वाटत असेल!

पारे यांनी वेगळा मार्ग धरला. लढवय्यांसाठी चिलखते बनवणारे कारागीर शरीराच्या मापाचे लोखंडी पत्रे घडवीत. अशा कारागिरांकडून त्यांनी छाती-पाठीला बसेल असे लोखंडी कवच करून घेतले. ते हलके व्हावे म्हणून पत्र्याला भोके पाडली. अंगाला टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितली. मूल वाढते, तसे कवचही बदलले पाहिजे. नाहीतर फायद्याऐवजी नुकसानच होईल. 1575 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात या कवचाची माहिती आहे. हा ग्रंथ त्यांनी लॅटिनमध्ये नव्हे, तर फ्रेंचमध्ये लिहिला. पॅरिसच्या विद्वान वैद्यांनी त्याला विरोध केला, पण ग्रंथ लोकांपर्यंत पोहोचला.

पारे यांचे सगळेच विचार बरोबर होते असे नाही. घट्ट कपडे आणि चुकीचे बसणे यांमुळे कणा वाकतो, असे त्यांना वाटे. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक मुलांमध्ये याचे नक्की कारण सापडत नाही. त्यात त्या मुलांचा काहीच दोष नसतो. 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि कण्याचा बाक मोजता येऊ लागला. 1946 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात चामडे व धातू यांचा नवा पट्टा तयार झाला. नंतर हलक्या प्लॅस्टिकचे पट्टे आले. असा पट्टा वाढत्या वयात रोज बरेच तास वापरला, तर पुष्कळ मुलांचा बाक वाढण्याचे थांबते, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

पारे यांनी फ्रान्सच्या चार राजांची सेवा केली. तरीही साध्या शिपायाची वेदना त्यांना राजाच्या वेदनेइतकीच मोठी वाटे. 20 डिसेंबर 1590 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुमच्या वर्गात कुणाचा खांदा झुकलेला असेल, कुणी कपड्यांखाली पट्टा बांधून येत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याचे दप्तर उचला. आपला स्वतःचा खांदा तसा दिसला, तर लाजून लपवू नका. घरी सांगा आणि लवकर डॉक्टरांकडे जा. दुसऱ्याची वेदना पाहून पारे यांना झोप लागली नाही, म्हणूनच ते थोर झाले.