रंगांचे कोडे

इंग्लंडच्या उत्तर भागात ईगल्सफील्ड नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १७६६ साली एका गरीब विणकराच्या घरी जॉन डाल्टन यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु जॉनची बुद्धी तल्लख व वृत्ती कष्टाळू होती. वयाच्या बाराव्या वर्षीच तो गावातील मुलांना शिकवू लागला. पुढे १७९३ साली डाल्टन अध्यापक म्हणून मँचेस्टर शहरी गेले आणि तेच शहर त्यांची कर्मभूमी झाले.

निसर्गाच्या निरीक्षणाचा डाल्टन यांना विलक्षण छंद होता. १७८७ साली त्यांनी रोजच्या हवामानाची टिपणे लिहिण्यास आरंभ केला आणि हा नेम ५७ वर्षे चालविला.

१७९२ साली त्यांच्या पाहण्यात जिरेनियमचे एक फूल आले. इतरांना ते गुलाबी दिसे. डाल्टन यांना मात्र दिवसाच्या उजेडात ते आकाशासारखे निळे भासे. एकदा त्यांनी तेच फूल मेणबत्तीच्या प्रकाशात पाहिले, तो काय आश्चर्य! त्यात निळेपणाचा लेशही उरला नव्हता. ते त्यांना तांबडे दिसत होते. त्यांनी मित्रांना विचारले. पण त्यांना दोन्ही प्रकाशांत फारसा फरक जाणवत नव्हता. केवळ त्यांच्या भावाला त्यांच्याप्रमाणेच दिसत होते. तेव्हा डाल्टन समजून चुकले की, वेगळेपण फुलात नसून आपल्या दृष्टीत आहे.

दुसऱ्या एखाद्याने ही उणीव लपविली असती. डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे तिच्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील पारदर्शक द्रव निळसर असावा व तो तांबडा प्रकाश शोषून घेत असावा, असा त्यांचा तर्क होता. जिवंतपणी तो पडताळून पाहणे शक्य नव्हते. म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासले जावेत, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली.

पुढे अणुसिद्धान्तामुळे डाल्टन यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु त्या तर्काचा त्यांना विसर पडला नाही. १८४४ सालच्या जुलै महिन्यात त्यांचे देहावसान झाले. आदल्या दिवशीही कापऱ्या हाताने त्यांनी हवामानाची नोंद केली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे वैद्यांनी डोळे तपासले. आतील द्रव अगदी स्वच्छ निघाला. डाल्टन यांचा तर्क चुकला होता!

परंतु त्या डोळ्यांचे अवशेष मँचेस्टर येथे जपून ठेवण्यात आले. सुमारे दीडशे वर्षांनी, १९९५ साली, संशोधकांनी त्यांतील डीएनए तपासला. मनुष्याच्या डोळ्यातील पडद्यावर शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार असून, त्यांच्याकडून येणाऱ्या संदेशांची तुलना होऊन आपल्याला रंगांचे ज्ञान होते. यांपैकी मुख्यतः हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे रंगद्रव्य डाल्टन यांच्या डोळ्यांत नव्हते, कारण ते घडविणारे जनुकच त्यांच्या ठिकाणी नव्हते. याप्रमाणे ते जुने कोडे अखेर सुटले.

फ्रेंच, स्पॅनिश आदी भाषांत रंगांधत्वाला डाल्टन यांच्याच नावावरून नाव पडले आहे. त्यांचा तर्क खोटा ठरला. पण तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःचे डोळे देऊ केले. त्या दानातूनच पुढे सत्य हाती आले.