अ‍ॅप जिथे थांबतं तिथून पुढे: मुंगळ्यांच्या मागे लागलेले फॉरेस्ट ऑफिसर आर. सी. रॉटन

पहिला पाऊस पडला की आमच्या तुमसरमध्ये दिव्याखाली पंखवाल्या मुंग्या येतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने त्यातली एक मोठी काळी राणी टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली. फोटो काढून ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपवर टाकला. उत्तर आलं कॅम्पोनोटस, म्हणजे सुतार मुंगी. हे झालं प्रजातीचं (जीनस) नाव, जातीचं नाही. मग त्याने युरोपातल्या सुतार मुंगीचा व्हिडिओ बघितला आणि थंडीत ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली. तिकडच्या जातींना हिवाळ्यात थंड जागा लागते, आपल्या मुंगळ्याला लागत नाही. राणी आणि तिची पाच-सहा पिल्लं, सगळी मेली.

नाव चुकलं की असं होतं. आणि नाव बरोबर यावं म्हणून ज्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात मेहनत घेतली, त्याची ही गोष्ट.

जंगलखात्यातली नोकरी, मुंग्यांचं वेड

रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचा जन्म १८४९ मध्ये भारतातच, नसिराबादला झाला. वडील लष्करात. शिक्षण इंग्लंडमध्ये. १८७१ मध्ये ते वनखात्यात लागले आणि मुंबई इलाख्यातल्या जंगलांत फिरू लागले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली होती. रॉटन तिचे सभासद झाले.

तेव्हा वाघ-बिबट्यांवर लिहिणारे पुष्कळ होते, मुंग्यांकडे बघणारे थोडे. आपला नेहमीचा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याला फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७८७ मध्येच नाव दिलं होतं. पण इथल्या कितीतरी जातींना अजून नावच नव्हतं. रॉटन यांनी मुंग्या जमवल्या, इतरांकडूनही मागवल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवल्या. फोरेल हे मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांचे त्या काळातले मोठे जाणकार. पुढे स्विस १००० फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला त्यांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या छापल्या गेल्या!

१८९२ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये रॉटन यांची भारतीय मुंग्यांवरची लेखमाला आली. त्याच वर्षी फोरेल यांचीही मालिका तिथेच सुरू झाली. १८९३ मध्ये फोरेल यांनी एका सुतार मुंगीला रॉटन यांचंच नाव दिलं: कॅम्पोनोटस रॉटनी. पुढे १९०३ मध्ये बिंगहॅम यांचं भारतातल्या मुंग्यांवरचं पुस्तक निघालं, त्यामागे अशा अनेकांनी जमवलेला माल होता.

लेबल म्हणजेच मेटाडेटा

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? मुंगी पाठवताना सोबत ती कुठे सापडली आणि कोणी पकडली हेही जायचं. फोरेल यांच्या लिखाणात पुणे आणि पुढे कंसात रॉटन अशी नोंद पुन्हा पुन्हा दिसते. आजच्या भाषेत हा मेटाडेटा. तो नसेल तर मेलेली मुंगी म्हणजे नुसता कचरा.

१९०४ मध्ये रॉटन निवृत्त झाले. पंचावन्न वय. पण ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून सस्तन प्राण्यांवर काम करू लागले. सोसायटीने १९११ मध्ये सुरू केलेल्या मोठ्या सर्वेक्षणाचे नमुने त्यांच्याकडे यायचे. पहिल्या अहवालांमध्ये खानदेश आणि वऱ्हाड होते. १९१३ मध्ये बेळगावजवळ तळेवाडीच्या बारापेडे गुहेतल्या एका वटवाघळालाही त्यांचं नाव मिळालं. १९२१ मध्ये ते वारले. शेवटपर्यंत काम तेच: नमुना, जागा, नाव.

मग आपण काय करायचं?

कॅम्पोनोटसच्या एकाच वारुळात मोठ्या डोक्याच्या आणि लहान अशा दोन्ही कामकरी असतात. त्यामुळे एका मुंगीच्या एका फोटोवरून गल्लत होतेच. तीन फोटो काढा: बाजूने, डोकं समोरून, आणि वरून. अँटवेबवरही हेच तीन कोन असतात. लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. पोटावरची लव बघा: सोनेरी रेशमी चमक असेल तर सेरिसियस असू शकते, चंदेरी असेल तर पॅरियस. गाव आणि तारीख लिहाच. आणि लांबून मागवलेली मुंगी आपल्या शेतात कधीही सोडू नका.

नाव पक्कं होईपर्यंत फक्त कॅम्पोनोटस लिहून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. यंदा भावाने नवी राणी पकडली आहे. ट्यूबवर चिकटपट्टी लावून त्याने लिहिलंय: तुमसर, तारीख, घराच्या ओट्यावर. जातीची जागा कोरी आहे. आणि ट्यूब फ्रीजमध्ये नाही, कपाटात आहे.