मराठीचे शिष्य फादर थॉमस स्टीफन्स

महोत्सवाच्या वर्षी आपण परमेश्वराचे उपकार आठवतो. तसेच ज्यांच्या श्रमांवर आपल्या श्रद्धेचे मंदिर उभे राहिले, त्या पूर्वजांचेही स्मरण करणे आपले कर्तव्य होय. आज ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांची कर्मभूमी आपल्या कोल्हापुरात नव्हती. ती घाटाखाली, गोव्यातील साष्टी प्रांतात होती. तथापि मराठीतून प्रभूचे नाव घेणाऱ्या प्रत्येक कॅथलिक कुटुंबावर त्यांचे ऋण आहे, आणि ते ऋण कोणते हे आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा अल्प प्रयत्न.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे 1549 साली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी त्या देशात कॅथलिक धर्म उघडपणे पाळणे संकटाचे झाले होते. तरुण थॉमस स्वदेश सोडून रोमला गेले व 1575 साली येशूसंघात दाखल झाले. पुढे 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून 24 ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांची नोंद करितात. पुढे इंग्रजांचे राज्य येथे झाले. परंतु हा पहिला इंग्रज येथे राज्य करण्यास आला नव्हता, व्यापारासही आला नव्हता.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टीच्या खेड्यापाड्यांत त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते. या वयात जीभ नव्या वळणास सहजी लागत नाही, हे आपण जाणतोच. शिवाय त्यांना एक नव्हे, दोन भाषा शिकावयाच्या होत्या. घरात, शेतात, बाजारात लोक कोकणी बोलत. कथा, पुराणे व ओव्या मात्र मराठीत ऐकत. एकीवाचून लोकांचे सुखदुःख कळेना, दुसरीवाचून त्यांच्या अंतःकरणाचे दार उघडेना. फादर स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या.

शिक्षणाची ही वाट निष्कंटक नव्हती. साष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनांत संताप धुमसत होता. 1583 च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे दुःखद कर्तव्य फादर स्टीफन्स यांनी पार पाडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावास एक पत्र लिहिले. त्या पत्रात येथील भाषांविषयी केवळ कौतुक आहे. त्यांचे उच्चार कानास गोड लागतात, त्यांची वाक्यरचना विलक्षण आहे आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी कळविले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृताचे ग्रीक व लॅटिनशी असलेले नाते 1786 साली विद्वानांपुढे मांडले. त्याच्या दोनशे वर्षे आधी हा धर्मगुरू साष्टीत बसून ते ओळखीत होता. ज्या लोकांत आपल्या सोबत्यांचे रक्त सांडले, त्यांच्याच भाषेविषयी असा आदर मनात बाळगणे, हे सामान्य मनाचे काम नव्हे.

परदेशी मिशनऱ्यांस येथील वाङ्मय शिकता यावे म्हणून रामायण-महाभारताच्या कोकणी कथा व मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवून घेण्यात आली होती. त्यांपैकी काही हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा शहरी आजही जतन करून ठेविली आहेत. विद्यार्थ्याने प्रथम त्या देशच्या कवींच्या पायांशी बसावे, ही त्या शिक्षणाची रीत होती.

अशा अभ्यासाचे परिपक्व फळ म्हणजे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. नव्या ख्रिस्ती लोकांस त्यांची जुनी पुराणे वाचण्याची मनाई झाली होती. तेव्हा त्यांच्या जागी आम्हांस आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही, असा प्रश्न एका गृहस्थाने विचारल्याचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच आला आहे. प्रश्न रास्त होता. गुरूंनी त्याचे उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांनी दिले. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर म्हणजे अध्याय असून त्यांत जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्याचे एकोणसाठ असून त्यांत प्रभू येशूचे चरित्र आहे. छंद ज्ञानेश्वरांचा, म्हणजे ओवीचाच. मराठी भाषेची थोरवीही त्यांनी त्यात मुक्तकंठाने गाइली आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या कवींची कठीण मराठी त्यांस अवगत होती. परंतु निव्वळ तीच वापरली तर मध्यम लोकांस अर्थ लागणार नाही, म्हणून अवघड शब्द टाळून ठिकठिकाणी सोपे कोकणी शब्द घातल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. आपली विद्वत्ता मिरविण्यापेक्षा शेवटच्या बाकावरील श्रोत्यास समजावे, ही त्यांची दृष्टी. आम्हां उपदेशकांनी हा धडा रोज गिरवावा.

ग्रंथ देशी लिपीत छापावा अशी त्यांची मनीषा होती व त्यासाठी त्यांनी 1608 साली रोमला वरिष्ठांकडे परवानगी मागितली. परंतु जोडाक्षरांचे शेकडो खिळे पाडणे त्या काळी साधले नाही आणि 1616 साली राशोल येथे पुराण रोमन अक्षरांत निघाले. 1619 साली फादर स्टीफन्स यांनी गोव्यातच देह ठेविला. त्यांची कोकणी धर्मशिक्षणाची पोथी 1622 साली व कोकणीचे व्याकरण 1640 साली, दोन्ही त्यांच्या पश्चात राशोलहून प्रसिद्ध झाली. हिंदी भाषांपैकी एखाद्या भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची ख्याती आहे. जे आपण कष्टाने मिळविले ते मागून येणाऱ्यांस सुलभ व्हावे, म्हणून विद्यार्थी अखेर शिक्षक झाला.

पुढील काळ मात्र या कार्यास अनुकूल राहिला नाही. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. ख्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ मेला नाही. ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, घरी गाइला, दक्षिणेस कानडा प्रांतात गेले तेथे बरोबर नेला. त्या हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला आणि 1956 साली पुण्यास देवनागरीत निघाला. मूळ कर्त्याची इच्छा तीनशे चाळीस वर्षांनी पूर्ण झाली. ग्रंथ राखला तो राजसत्तेने नव्हे, पाठशाळांनीही नव्हे. आयाआजींच्या कंठाने राखला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी कानडी, बहुतेकांच्या घरी मराठी बोलली जाते. मुले इंग्रजी शाळांत जातात. ते योग्यच आहे, एक भाषा अधिक आली म्हणजे एक दार अधिक उघडले. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही पाहतो की, कित्येक मुलांस प्रभूची प्रार्थना मराठीत तोंडपाठ येते, पण पुस्तकातून वाचता येत नाही; आणि आजीबरोबर रोझरीची माळ धरून बसणे तर दुर्मिळच झाले आहे. भाषा शाळेत शिकविली जाते हे खरे. पण ती टिकते उंबऱ्याच्या आत. सात समुद्र ओलांडून आलेल्या एका परक्याने तिशीनंतर ही भाषा शिकण्यात उरलेले सारे आयुष्य वेचिले. ज्यांना ती आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्यांनी सायंप्रार्थनेनंतर मुलांस पाव घटका मराठी शुभवर्तमान मोठ्याने वाचावयास लावावे, एवढे मागणे फार नाही.

महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक घराने एवढा एक नेम धरावा, अशी आमची विनंती आहे. भाषादानाच्या दिवशी प्रेषितांवर उतरलेला पवित्र आत्मा आपल्या मुलांच्या जिभेवर वास करो.